उसातली बाळंतीण

साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की जुन्नर वन विभागातल्या माणसांचे फोन वाजायला लागतात. पलीकडून बोलणारा कधी शेतकरी असतो, कधी टोळीचा मुकादम, कधी पोलीस पाटील. वाक्य मात्र ठरलेलं असतं. "साहेब, उसात वाघाची पिल्लं सापडलीत. आई दिसत नाही. टाकून गेली बघा." आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, त्यामुळं विदर्भातून नवीन बदली होऊन आलेल्या गार्डला पहिल्या फोनला घाम फुटतो.

मी या भागात गार्ड म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. 'टाकून गेली' हे बहुतेक वेळा खरं नसतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. आई दोन-तीन शेतं पलीकडं, दुसऱ्याच्या उसात नाहीतर ओढ्याच्या झाडीत दडून बसलेली असते. भोवती कोयत्यांचा खणखणाट, ट्रॅक्टर, मोबाइलवरची गाणी आणि बघ्यांची गर्दी. ती अंधार पडायची वाट बघत असते. पिल्लं अनाथ होणार की नाही, हे तेवढ्या पाच-सहा तासांत माणसं ठरवतात.

बिबट्या उसात आला कसा, हे शहरातले पाहुणे नेहमी विचारतात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्याला पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके या वन विभागात येतात आणि त्यांतला मोठा बागायती पट्टा उसाखाली आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर तुटतो. म्हणजे सोळा-अठरा महिने त्या शेतात फारसं कुणी आत जात नाही. बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण असते, एका वेताला दोन-तीन पिल्लं देते आणि ती पिल्लं वर्ष-दीड वर्ष तिच्याबरोबर असतात. हिशेब केला तर एक अख्खं बाळंतपण आणि पिल्लांचं अर्धंअधिक बालपण एका उसात उरकतं. गारवा आहे, पाटाला पाणी आहे, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं आहेत. तिनं भीमाशंकरच्या जंगलात परत का जावं? तिची आईही उसातच जन्मली होती आणि बहुधा आजीसुद्धा.

शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या भागात कॅमेरे लावून मोजणी केली होती. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, आणि तेही नावाला जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या मुलखात. खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावठी कुत्र्यांचा होता. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. पण कागदावर आल्यावर साहेब लोकांना पटलं, हेही खरं.

आता तोड कशी चालते ते बघा. टोळी कडेनं आत सरकते. उभा ऊस चारही अंगांनी कमी होत जातो आणि शेवटी मधे एक चौकोन उरतो. त्यात जे जे दडलेलं असतं, ससे, घोरपडी, साप, ते सगळं तिथं गोळा होतं. मादी आवाजाला लवकर बाहेर पडते. पिल्लं चालती असतील तर तिच्याबरोबर जातात. पण डोळे नुकते उघडलेली असतील तर एकेकाला तोंडात धरून हलवावं लागतं, आणि दिवसाढवळ्या माणसांच्या पुढ्यातून ती ते करत नाही. मग पाचटाखाली दोन-तीन मऊ गोळे राहतात. कोयता थांबतो. कुणीतरी उचलतं.

पहिला प्रश्न असतो, पिल्लं नक्की कुणाची. उसात रानमांजरही विते आणि वाघाटीही. रानमांजराला काही जण बाऊल म्हणतात. तिच्या पिल्लांचा रंग मातकट असतो, अंगावर फिकट पट्टे असतात आणि कान टोकदार. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आत-बाहेर. तिच्या पिल्लाच्या अंगावरही ठिपके असतात, ते बघून लोक छातीठोकपणे "बिबट्याच" म्हणतात. खरं बिबट्याचं पिल्लू लोकरी, करड्या-काळपट ठिपक्यांचं असतं, पंजे अंगाच्या मानानं थोराड, शेपूट लांब आणि जाड. डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात आणि सुरुवातीला निळसर असतात. ही ओळख चुकली तरी काही बिघडत नाही, कारण करायचं ते एकच आहे. पिल्लू कुठल्याही मांजरवर्गातलं असो, तोड थांबवायची आणि त्याला त्याच जागी सावलीत ठेवून १९२६ या वन विभागाच्या नंबरवर नाहीतर जवळच्या गार्डला फोन करायचा.

प्रत्यक्षात होतं ते वेगळं. आम्ही पोचेपर्यंत पिल्लू चार हातांतून फिरलेलं असतं. कुणी म्हशीचं दूध साखर घालून पाजलेलं असतं, कुणी टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवरून घरी नेलेलं असतं, आणि गावच्या ग्रुपवर फोटो आधीच गेलेले असतात. एकदा ओतूरच्या पलीकडं एका शेतात पोचलो तर दोन पिल्लं एका ऊसतोड बाईच्या ओच्यात होती. बीड जिल्ह्यातली बाई, तिचं स्वतःचं तान्हं शेजारी झाडाला बांधलेल्या झोळीत. मी म्हटलं, "आक्का, द्या इकडं." ती म्हणाली, "देते की. पण थंडीनं कापत होती म्हणून घेतली. आई येईल ना त्यांची?" मी म्हटलं, येईल. तिनं माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं, आणि मग पहिल्यांदा विचारलं ते हे: "मग आमच्या कोप्या किती लांब न्यायच्या?" बरोबरच होता तिचा प्रश्न. टोळीच्या कोप्या उसाच्या कडेलाच असतात, त्यांना दार नसतं आणि आत पोरं झोपलेली असतात. त्या रात्री मुकादमानं टोळीला शाळेच्या पडवीत झोपवलं.

माणिकडोहला वन विभागाचं बिबट्या निवारा केंद्र आहे. तिथं वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून वन विभागाबरोबर काम करते. पशुवैद्यकाची गाडी तिथून येते. हातमोजे घालून पिल्लू तपासतात. नर का मादी, वजन किती, अंगात पाणी कमी झालंय का, कोयत्याची जखम आहे का. गोचिडं काढतात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच जागेवर गेली नाही, तर पिल्लू सुकलेलं आहे असं समजतात आणि सलाइन देतात. शेपटीच्या बुडाशी कातडीखाली सुईनं एक चिप घालतात, म्हणजे पुढं कधी हाच बिबट्या पिंजऱ्यात आला तर ओळख पटते. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला घेत नाही, असं गावोगाव सांगतात. तसं काही नसतं. आई वास घेते आणि उचलते. हातमोजे असतात ते जंतूंसाठी, आणि पिल्लाला आपली सवय लागू नये म्हणून.

संध्याकाळी खरं काम. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायला जी जाळीची प्लॅस्टिकची कॅरेट असतात, त्यातलंच एक आणायचं. तळाला त्याच शेतातलं पाचट घालायचं. पिल्लं सापडली त्या सरीत, नाहीतर अगदी जवळच्या बांधावर कॅरेट ठेवायचं. पिल्लाला चढून बाहेर पडता येऊ नये, पण आईला पंजानं पाडता यावं, एवढाच त्याचा उपयोग. दोन-तीन कॅमेरे झाडाला नाहीतर खुंटीला बांधायचे. मग माणसं लांब न्यायची, आणि हे सगळ्यात अवघड. साप बघायला जेवढी येतात त्याच्या दसपट माणसं बिबटी बघायला येतात. गच्चीवरून टॉर्च मारणाऱ्या पोराला उतरवणं हे बिबट्या धरण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि त्याचं प्रशिक्षण कुठंच मिळत नाही.

ओतूरजवळच्या त्या रात्री आम्ही तुटलेल्या उसापलीकडं, रस्त्यावर जीपमध्ये बसलो होतो. काचा वर, इंजिन बंद. पिल्लं सुरुवातीला ओरडत होती, चिरका, तुटक आवाज. नंतर गप्प झाली. थंडी मरणाची. डॉक्टर थर्मासमधला चहा झाकणात ओतून एकेकाला देत होते. पलीकडच्या उसातून मोठ्या बिबट्याचा आवाज आला, लाकडावर करवत ओढल्यासारखा, दोनदाच. वस्तीवरची कुत्री एकदम बोंबलायला लागली आणि तशीच एकदम थांबली. पुढचं आम्ही पहाटे कॅमेऱ्यात बघितलं.

ती सरळ आली नव्हती. आधी बांधाच्या कडेनं एक फेरी मारून गेली. मग अर्ध्या तासानं पुन्हा आली, कॅरेटपासून चार हातांवर बसली आणि कान रस्त्याकडं, म्हणजे आमच्याकडं, करून ऐकत राहिली. आम्ही आहोत हे तिला पूर्ण ठाऊक होतं. मग उठली, नाक कॅरेटच्या जाळीला लावलं, पंजा वरच्या कडेवर ठेवून ते आडवं केलं. एक पिल्लू मानेला धरलं आणि गेली. दुसरं पाचटात बसून राहिलं. पाऊण तासानं परत येऊन तिनं तेही नेलं. तिसऱ्यांदा एकटीच आली, रिकाम्या कॅरेटात तोंड घालून बघितलं आणि निघून गेली. ती तिसरी फेरी मी पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. मोजता येत नसेल म्हणून येते की खात्री करायला, कोण जाणे.

अशी शंभराहून अधिक पिल्लं महाराष्ट्रात आईकडं पोचवल्याचं संस्था सांगते. काही वेळा पहिल्या रात्री आई येत नाही. मग पिल्लं पहाटे उचलून केंद्रात नेतात, दिवसभर पाजतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवतात. जागा बदलायची नाही. तिला जागा माहीत असते, आपला पत्ता माहीत नसतो.

पण आई खरंच मेलेली असली तर? पुणे-नाशिक महामार्गावर गाडीखाली सापडलेली, उघड्या विहिरीत बुडालेली, फाशात अडकलेली. मग पिल्लू केंद्रात येतं, आणि पुढची गोष्ट फारशी गोड नाही. इतक्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. गाई-म्हशीचं दूध पचत नाही, हगवण लागते आणि पिल्लू हातचं जातं. मांजरवर्गासाठी मिळणारी दूधपावडर वापरतात. पाजताना पिल्लू पोटावर ठेवायचं. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पाजून झालं की कोमट ओल्या बोळ्यानं शेपटीखाली पुसायचं, कारण आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते. हे सगळं नीट करून पिल्लू जगलं, गुबगुबीत झालं, की त्याचे व्हिडिओ लोकांना फार आवडतात. त्या पिल्लाचा पुढचा सगळा जन्म पिंजऱ्यात जाणार असतो, हे व्हिडिओत दिसत नाही.

का, म्हणाल? शिकार करण्याची ऊर्मी पिल्लात असतेच, ती कुणी शिकवावी लागत नाही. पण कुठं थांबायचं, कधी सरकायचं, माणसाचं पाऊल वाजलं की कसं विरघळून जायचं, हे सगळं आईच्या मागं वर्षभर फिरून येतं. बाटलीवर वाढलेल्या बिबट्याला माणूस म्हणजे जेवण आणणारा एवढंच ठाऊक असतं. तो उसात सोडला तर वस्तीवर येणारच, आणि पुढं काय होईल ते सांगायला नको.

वाघांच्या बाबतीत हा प्रयोग झाला आहे, आणि साधला आहे. मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलात २००५ मध्ये आई गेलेल्या दोन माद्या मोठ्या कुंपणात, जंगलातच वाढवल्या. पन्नातले सगळे वाघ संपले होते, म्हणून २०११ मध्ये त्यांना तिथं सोडलं. दोघी जगल्या आणि व्याल्या. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा नियमच आहे, की अनाथ वाघाचं पिल्लू आधी आईकडं पोचवायचा प्रयत्न करायचा. ते नाही जमलं तर अशा कुंपणात निदान दोन वर्षांचं होईपर्यंत, माणसाचं तोंड न दाखवता वाढवायचं, आणि पन्नास तरी शिकारी त्यानं स्वतः केल्याची नोंद झाल्यावरच सोडायचं. पन्नास जिवंत जनावरं, शेकडो एकर नाही तरी मोठं कुंपण, दोन वर्षं पहारा. एका वाघासाठी हे करता येतं. आमच्याकडं उसातून दरवर्षी निघणाऱ्या बिबट्यांच्या पिल्लांसाठी नाही.

आणि एवढं करूनही शाश्वती नसते. यवतमाळची अवनी ही वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मारली गेली. तिचं मादी पिल्लू पकडून पेंचमध्ये कुंपणात वाढवलं, मार्च २०२१ मध्ये गळ्यात कॉलर घालून सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झुंज होऊन ते मेलं. जंगल रिकामं नसतं. तिथं आधीच कुणाची तरी सत्ता असते आणि आईविना वाढलेल्याला ते आधी कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मी म्हणतो, पिल्लू वाचवायचं तर त्याच संध्याकाळी, त्याच सरीत. नंतरची सगळी माया उशिराची.

यावर गावात मला तोंडावर सांगितलं गेलं आहे, "तुम्ही वाघ पाळता आणि आमची पोरं मरतात." हे बोलणाऱ्याला मी कधी उत्तर दिलं नाही, कारण शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्यानं माणसं मारली आहेत, त्यात अंगणातून नेलेली लहान मुलं आहेत. भरपाईची रक्कम आता पंचवीस लाखांपर्यंत गेली आहे, पण त्या घरात जाऊन ती रक्कम सांगून बघा. माझं म्हणणं एवढंच, की पिल्लं उचलून नेल्यानं हा धोका कमी होत नाही. पिल्लं गेलेली मादी त्या शेताभोवती रात्रंदिवस ओरडत, चिडून फिरते, आणि पहाटे पाण्याचं बारं धरायला जाणारा माणूस तिच्या वाटेत येतो. बिबटे उचलून लांब सोडायचं धोरणही करून झालं. २००१ नंतर जुन्नर भागातले बिबटे धरून दुसरीकडं सोडले गेले. २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की या भागात माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला आजोबा नावाचा बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, तर तो चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं पोचला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. बिबट्याला आपण नेमून दिलेली हद्द कळत नाही आणि मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या भरून काढतो.

मग संख्या वाढतच राहू द्यायची का? नाही. माद्यांच्या नसबंदीचं बोललं जातं, ती होऊन जाऊ दे. रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज द्या, म्हणजे अंधारात पाण्याला जावं लागणार नाही. मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण ओढ्यात टाकणं बंद करा, म्हणजे कुत्री आणि डुकरं कमी होतील. हे मी नोकरीत असताना सांगत होतो, आता पेन्शनर म्हणून सांगतो. फरक एवढाच, की आता साहेब रागावत नाहीत.

पाचटाचंही सांगायला हवं. ऊस गेल्यावर, काही ठिकाणी आधीच, पाचट पेटवून देतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात अशा आगीत बिबट्याची पाच पिल्लं जळून मेली. पेटवणाऱ्यांना ती आत आहेत हे माहीत नव्हतं. पेटवण्याआधी शेतात एक चक्कर मारायला दहा मिनिटं लागतात, आणि पाचट कुजवलं तर जमिनीला खत होतं, हे तर कृषी विभाग कधीपासून सांगतोय.

आता ज्याची कुणी बातमी करत नाही ते. पिल्लं सापडली की आम्ही तोड थांबवतो. निदान त्या कोपऱ्यातली, कधी सगळ्या फडातली, एक दिवस, कधी दोन. ऊसतोड मजुराला रोजंदारी नसते, टनावर पैसे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, ती फेडायची असते. ट्रॅक्टर उभा राहिला तर मालक मुकादमावर ओरडतो, मुकादम टोळीवर. बिबट्याच्या पिल्लाचं आईशी मिलन झालं म्हणून पेपरात फोटो येतो, त्यात डॉक्टर असतात, आम्ही असतो, कधी सरपंच असतात. बुडालेली मजुरी मात्र त्या बीडच्या, नगरच्या, जालन्याच्या माणसांच्या खिशातून गेलेली असते.

पंचनामा करून शेळीचे पैसे देता येतात, तर थांबलेल्या तोडीचे का नाही? कारखान्याकडं प्रत्येक टोळीचा रोजचा टनाचा हिशेब असतो. गार्डनं दाखला दिला, कारखान्यानं त्या दिवसाचा सरासरी टन धरला, की काम झालं. एका मुकादमाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "असं झालं ना सायेब, तर टोळी पिल्लं हुडकूनच तोड सुरू करंल." मी म्हटलं, करू दे की.